शुक्रवारी आखडलेली झाडं

आणि वर मलाच विचारतात, झाडं लहान कशी झाली म्हणून. आता तुम्हीच सांगा, मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. झाड मोठं कसं होतं हेसुद्धा मला नीट सांगता यायचं नाही. पाणी घालायचं आणि वाट बघायची, एवढंच मला ठाऊक, मग ते लहान कसं होतं हे मी कुठून सांगणार? पण नाही. विज्ञानाच्या बाई वही उघडून उभ्या, हेडबाई चष्मा कपाळावर चढवून उभ्या, सहावीचा अख्खा वर्ग रांगेत उभा, आणि मधोमध मी, हातात झारी, झारी गळतेय, पाणी माझ्याच चपलेवर पडतंय... आणि विज्ञानाच्या बाई म्हणतात, "मामा, मागच्या महिन्यात हे झाड बासष्ट सेंटिमीटर होतं. आता चव्वेचाळीस आहे. अठरा सेंटिमीटर गेले कुठे?"

मी खाली बघितलं. जसे काही तिथेच कुठेतरी पडले असतील.

मी तसा कमी बोलणारा माणूस. घरात असताना हीसुद्धा म्हणायची, तुमच्याशी बोलणं म्हणजे भिंतीला टाचणी लावण्यासारखं आहे, वाकते पण आत जात नाही. पण आता बोलायला बसलोच आहे तर सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा म्हातारा झाडं चोरतो. चोरली असती तर बरं झालं असतं. चोराला निदान एकाच गोष्टीचं उत्तर द्यावं लागतं.

तर आमच्या शाळेत कार्यक्रम आला, 'एक वर्ग, एक झाड'. वरच्या कार्यालयातून आला. शाळेत तुकड्या एकवीस, म्हणून कुंपणाच्या भिंतीलगत खड्डे एकवीस. खणले कोणी ते विचारू नका. मी तेव्हा साध्या शिपायाच्या कामातून सुटून घरी बसलो होतो, वर्ष झालं होतं बसून, आणि घरी बसणं म्हणजे काय असतं ते ज्याच्या घरात दुसरं माणूस नाही त्यालाच कळतं. सकाळी चहा होतो, मग कप धुऊन होतो, मग घड्याळात बघावं तर सव्वासात. हेडबाईंनी निरोप पाठवला, "मामा, झाडांना पाणी घालायला माणूस हवाय, याल का?" मी निरोप आणणाऱ्याला बसूसुद्धा दिलं नाही, त्याच्याबरोबरच निघालो.

लावण्याचा दिवस ठरला. पाहुणे आले, भाषणं झाली, पाणी वाचवा यावर एका साहेबांनी पाऊण तास सांगितलं आणि तेवढा वेळ मागचा नळ वाहत होता, कारण तो बंद करायला जाणाऱ्या माणसाला, म्हणजे मला, हेडबाईंनी डोळ्यांनी दटावलं की भाषण चालू असताना उठायचं नाही. मग साहेब खड्ड्यापाशी आले. रोप हातात दिलं. आता रोप असतं काळ्या पिशवीत, पिशवी फाडून लावायचं असतं, पण पिशवी फाडली की हात मळतो, आणि हात मळला तर फोटोत दिसतो. साहेबांनी पिशवीसकट ठेवलं खड्ड्यात. मागून दुसरे आले, त्यांनी पहिल्यांचं बघून पिशवीसकट ठेवलं. एकवीसच्या एकवीस, तुम्हाला सांगतो, पायमोजे घालून अंथरुणात झोपवावं तशी झोपवली. मी मागून जाऊन एकेकाला उठवलं, पिशवी फाडली, परत झोपवलं. संध्याकाळ झाली तरी पुरं झालं नव्हतं. त्यातच कोणीतरी 'पृथ्वी वाचवा' असं लिहिलेला मोठा कापडी फलक दोन रोपांच्या मध्ये बांधला. रोपं करंगळीएवढी, फलक धोतराएवढा. वारा आला, फलक फुगला, आणि पृथ्वी वाचवताना दोन्ही रोपं मुळासकट वर आली.

सुरुवातच अशी झाली.

पण एक गोष्ट कार्यक्रमात चांगली होती. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी प्रत्येक वर्ग आपापलं झाड मोजायला यायचा. मोजायला शिंप्याकडे असतो तसा कापडी टेप. एक मूल वरचं टोक शेंड्याला लावणार, एक मूल वहीत लिहिणार, आणि खालचं टोक जमिनीशी धरायला मी. वाकून धरता येत नाही, गुडघे ऐकत नाहीत, म्हणून मी झाडापाशी मांडीच घालायचो. मोजून झालं की प्रश्न यायचा मला उठवायचा. दोघंजण या हाताला, दोघंजण त्या हाताला, आणि तिसरीची पोरं असली की कंबरेला आठ. "मामा, एक, दोन, तीन!" असं करत एकवीस वेळा मी बसायचो आणि एकवीस वेळा मला उठवायचे. आता तुम्ही म्हणाल, मध्ये उठायचंच कशाला, पुढच्या झाडापर्यंत सरकत जावं. सुचलं होतं मला. मी नाही गेलो सरकत.

महिन्यातला तो एक दिवस. बाकीचे दिवस मी त्याची तयारी करायचो म्हणा ना.

बरं, रोपं मरतात. ही गोष्ट कार्यक्रम काढणाऱ्यांना कोणी सांगितलेली नसते. चेंडू लागतो, बकरी शिरते. एका वर्गानं तर प्रेमापोटी डब्यातलं उरलेलं सगळं आळ्यात ओतलं, खत होईल म्हणून. मुंग्या झाल्या. आणि सुट्टी. शाळेला दोन महिने सुट्टी असते, झाडाला नसते. सुट्टीत फाटकाला कुलूप, पाण्याची टाकी बंद, मी बाहेरून बादली घेऊन भिंतीवरून टाकायचो. भिंत माझ्यापेक्षा उंच. निम्मं पाणी झाडावर, निम्मं माझ्यावर. मी काही सुकलो नाही, पण झाडं सुकली.

पहिलं गेलं ते तिसरीचं. गुरुवारी सकाळी बघतो तर पानं कागदासारखी, देठ मोडून बघितला तर आतून कोरडा ठक्क. आणि दुसऱ्या दिवशी शुक्रवार. आणि तिसरीच्या पोरांनी त्या झाडासाठी पुठ्ठ्याचा मुकुट केलेला, मला आठ दिवस आधीपासून सांगत होती, कोणाला सांगू नका हं मामा. मी तसा कमी बोलणारा माणूस, मी कशाला कोणाला सांगतोय. पण मेलेल्या झाडाला मुकुट घालताना त्यांची तोंडं कशी होतील ते मला दिसायला लागलं. मी घरी गेलो.

घरी माझ्याकडे रोपं होती. चोरीची नव्हती, आधीच सांगतो. लावण्याच्या दिवशी जास्तीची आणलेली पन्नासेक रोपं कार्यक्रम संपल्यावर कचऱ्याच्या पेटीशी टाकून दिली होती, ती मी घरी नेली होती. आमचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकाचा कोपरा. खोलीत दोन खाटा. एक माझी, एक हिची. हिची खिडकीशी, कारण तिला उजेड लागायचा. ती गेल्यावर खाट तशीच होती, तिच्यावर काही ठेवावंसं वाटायचं नाही, आणि रिकामीकडे बघवायचं नाही. रोपांना उजेड लागतो. मी प्लॅस्टिकचा कागद अंथरला आणि दुधाच्या पिशव्यांतून रोपं ओळीनं मांडली. सकाळी ऊन त्या खाटेवर यायचं तेव्हा... असो.

तर त्यातलं एक उचललं, पहाटे फाटक उघडल्याबरोबर शाळेत गेलो, मेलेलं काढलं, जिवंत लावलं, पाणी घातलं, आळं सारखं केलं. तिसरी आली, मुकुट घातला, टाळ्या वाजवल्या. कोणाला काही कळलं नाही. हे झालं पहिल्यांदा.

दुसऱ्यांदा आठवीचं गेलं. मग पाचवीचं. मग बकरीनं एका सकाळी तीन खाल्ली. एका वर्गाचं होतं लिंबू, माझ्याकडे लिंबू संपलेली, मी संत्र्याचं लावलं. दोघांची पानं सारखीच दिसतात हो. पण त्या वर्गातल्या पोरांना पान चुरगाळून वास घ्यायची सवय. एक मुलगी म्हणाली, "मामा, याचा वास बदललाय." मी म्हटलं, वयात येतंय.

सगळं निभावलं असतं, पण अडचण उंचीची होती. मेलेलं झाड असायचं दोन वर्षांचं, बासष्ट सेंटिमीटर, आणि माझं खाटेवरचं वाढून वाढून चव्वेचाळीस. खिडकीतल्या उन्हावर किती वाढणार? आणि वर्गाच्या वहीत तर बासष्ट लिहिलेलं. पहिल्या वेळी मी आळ्यात माती भरून झाड उंचावर बसवलं, तर ते व्यासपीठावरच्या पाहुण्यासारखं दिसायला लागलं, आणि पाणी घातलं की माती वाहून पाहुणे परत खाली. मग सुचलं. खालचं टोक धरायला बसतो कोण? मीच. टेपची खालची बाजू मुठीत गुंडाळून घेतली, नऊ बोटं, आणि तिथून पुढचा टेप जमिनीला लावला. वरचं पोर ओरडलं, "बासष्ट!" खालचं पोर लिहून मोकळं.

मला सेंटिमीटर कळत नाहीत, बोटं कळतात. सहावी अ, नऊ बोटं. आठवी क, पाच बोटं. तिसरीचं बदललं तेव्हा सात, पुढे सहा, पुढे पाच. कारण मी दर महिन्याला एक बोट सोडायचो, झाड खालून वाढून येतंय तसं. लबाडी कायमची ठेवायची नव्हती हो मला. झाडाला थोडा वेळ हवा होता, तेवढा मी मुठीत धरून ठेवला होता. एकवीस झाडांची बोटं मला तोंडपाठ होती. शाळेत पाढे कधी झाले नाहीत, पण हे झालं.

आणि मग कार्यालयाचा कागद आला. तीन वर्षं झाल्यावर तपासणी होणार, निम्म्याहून कमी झाडं जगली असतील तिथला कार्यक्रम बंद. कार्यक्रम बंद म्हणजे पाणी घालणारा बंद, आणि मोजणीचा शुक्रवार बंद. हेडबाईंनी मला बोलावून वाचून दाखवला, म्हणाल्या, "आपल्याला काय चिंता मामा, आपली तर सगळी जगलीत." मी हो म्हटलं आणि बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं. आधी मी पोरांसाठी बदलत होतो, असं मला वाटायचं. त्या दिवशी नळापाशी कळलं की मी माझ्यासाठीही बदलत होतो. सगळी मेली असती तर मी पहिल्या शुक्रवारी कुठे गेलो असतो? कप धुतल्यावर सव्वासात वाजतात हो.

आता मोडलं कुठे, तर माझ्या डोळ्यापाशी. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, डॉक्टरांनी तारीख दिली, तारीख नेमकी पहिल्या गुरुवारची. दुसरी द्या म्हटलं, तर डॉक्टर म्हणाले, "आजोबा, झाडांना पाणी घालायला एक दिवस दुसरं कोणी मिळणार नाही का?" पाणी घालायला मिळेल हो. मुठीत नऊ बोटं धरायला कोण मिळणार? पण ते डॉक्टरांना कसं सांगू? मी तसा कमी बोलणारा माणूस. झोपलो टेबलावर.

शुक्रवारी मी डोळ्यावर पट्टी बांधून घरी, आणि तिकडे खालचं टोक धरायला बसल्या विज्ञानाच्या बाई. बाई प्रामाणिक. शून्य म्हणजे शून्य धरणाऱ्या. एकवीस झाडं मोजली, त्यातली आठ लहान झाली होती. एका महिन्यात. बाकीचीही होती बदललेली, पण त्यांची बोटं सोडून संपली होती, ती आता आपल्या पायावर उभी होती. ही आठ मात्र पकडली गेली.

मोठ्या माणसांनी दुर्लक्ष केलं असतं. लिहिताना चुकलं असेल, म्हणाले असते. पण सहावी अ म्हणजे सहावी अ. त्यांनी विज्ञान प्रदर्शनात प्रकल्पच मांडला, हिरव्या पुठ्ठ्यावर, 'झाडे आखडतात का?' थंडीत माणूस आखडतो तशी झाडं आखडत असतील, असं पहिलं अनुमान. ते त्यांनी खोडलं, कारण त्या दिवशी ऊन होतं. पाणी कमी पडलं असेल, तेही खोडलं, पाणी हेडबाईंनी स्वतः उभं राहून घालून घेतलं होतं. मग त्यांनी तीन वर्षांच्या सगळ्या वह्या काढल्या, सगळ्या शुक्रवारांत त्या शुक्रवारी काय वेगळं होतं ते शोधलं, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, "निष्कर्ष: पाणीमामा आले नाहीत की झाडे आखडतात."

मला पोरं पाणीमामा म्हणतात. मी पट्टी काढून शाळेत गेलो तेव्हा नव्या डोळ्यानं पहिली गोष्ट वाचली ती ही. अक्षर अक्षर लावून वाचली. आणि तिथून पुढचं ते, बाई वही घेऊन उभ्या, हेडबाई उभ्या, झारी गळतेय...

मी झारी खाली ठेवली. हेडबाईच म्हणाल्या, हवामान बदलतंय, म्हणजे बघा ना, सगळीकडेच काहीबाही होतंय. विज्ञानाच्या बाईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की हवामान तिथल्या तिथे बदललं.

चार दिवसांनी तपासणीचे साहेब आले. बारीक, मानेला गमछा, आणि दर वाक्याला "नोंद करतो" म्हणायची सवय. पाणी आणून दिलं तर "नोंद करतो" म्हणून प्यायले. त्यांनी पिशवीतून लोखंडी टेप काढला. मी सवयीनं मांडी घालायला लागलो तर म्हणाले, राहू द्या, हा आपोआप धरतो. मी निम्मा बसलेला तसाच राहिलो, ना वर ना खाली, आणि उठवायला कोणी नाही, वर्ग सगळे आत. भिंतीला धरून उठलो. साहेबांनी एकवीस झाडं मोजली, बुंधे बघितले, मुळाशी बोट घालून बघितलं. जाणता माणूस होता तो. मग हेडबाईंना बाजूला ठेवून माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात विचारलं,

"आजोबा, पहिल्या दिवशी लावलेली यातली किती?"

तुम्हाला सांगतो, खोटं बोलायला एवढी चांगली वेळ मला आयुष्यात मिळाली नव्हती. 'सगळी' म्हटलं असतं तर निभावलं असतं, वह्या शिंप्याच्या टेपच्या, चूक टेपवर गेली असती. कार्यक्रम राहिला असता. शुक्रवार राहिला असता. पण तो मनुष्य अदबीनं विचारत होता, आणि समोर भिंतीवर तो हिरवा पुठ्ठा लावलेला होता, पोरांनी तीन वर्षांच्या वह्या चाळून लिहिलेला.

"चार," मी म्हटलं.

"आणि सतरा?"

"घरून आणली."

साहेब नोंद करतो म्हणाले नाहीत. म्हणाले, घर दाखवाल का? दाखवलं. आले खोलीत, दारातच उभे राहिले. खाटेवर तीस-पस्तीस रोपं, दुधाच्या पिशव्यांतून, खिडकीकडे माना वळवून. खाट कोणाची, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, रिकामी होती. त्यांनी गमछ्यानं मान पुसली, आणि इतका वेळ पुसली की मीच म्हटलं, चहा टाकू का.

इकडे शाळेत हे कळल्यावर दुसराच वाद. हेडबाईंचं म्हणणं, झालं ते झालं, पोरांना सांगायचं नाही, हिरमुसतील. विज्ञानाच्या बाईंचं म्हणणं, त्यांचा निष्कर्ष चुकलाय आणि तो दुरुस्त करायला पाहिजे, आणि ज्याला खरं माहीत आहे त्यानंच करायला पाहिजे. मला सहावी अ समोर उभं केलं. फळ्यासमोर उभा राहायची ही माझी आयुष्यातली पहिली वेळ. चौथीत असताना राहायचो, पण तेव्हा तोंड फळ्याकडे असायचं.

मी सांगितलं. तुमचं झाड मागच्या सुट्टीत गेलं. हे दुसरं आहे. टेप मी मुठीत धरायचो. झाडं आखडत नाहीत. एवढंच, चार वाक्यं. मला वाटलं रडतील. पहिल्या बाकावरची ती मुलगी, वास बदललाय म्हणणारी नव्हे, दुसरी, दोन वेण्यांची, ती उभी राहिली. रागावली होती.

"मामा, तेव्हाच का नाही सांगितलं?"

मी म्हटलं, "तुम्ही रडला असता ना."

"मग रडलो असतो," ती म्हणाली. "आमचं होतं ना ते."

आणि बसली. हाच प्रश्न मला याआधी एकदा विचारून झाला होता.

मुलगा माझा लांब असतो. दोन विमानं बदलावी लागतात इतका लांब. ही आजारी पडली तेव्हा त्याचं तिकडे नवीन काम, नवीन घर, दर रविवारी फोन यायचा, आणि मी म्हणायचो, आई बरी आहे, आता झोपलीय, उठवत नाही. चार महिने मी तिला झोपवून ठेवली. मुठीतच धरून ठेवली म्हणा. शेवटी कळवलं तेव्हा दोन विमानं बदलून तो पोचला, आणि पोचून उपयोग नव्हता. दारात बॅग ठेवून त्यानं एवढंच विचारलं, बाबा, मला का नाही सांगितलंत? भांडला नाही. तेव्हापासून रविवारचा फोन चुकवत नाही. "बाबा, जेवलात?" "जेवलो." "गोळ्या?" "घेतल्या." मग दोघंही थोडा वेळ धरून बसतो, आणि मग तो म्हणतो, बरं, ठेवू?

त्या रविवारी त्यानं विचारलं, "बाबा, काय नवीन?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सतरा झाडं मेली रे माझी." मग तो म्हणाला, "कधी?" मी सांगत गेलो, तिसरीचं कधी, आठवीचं कधी, बकरीनं खाल्लेली तीन. एकेक विचारत होता. बराच वेळ चालला फोन. शेवटी तो म्हणाला, "सांगितलंत ते बरं केलंत." आणि मग नेहमीसारखंच, बरं, ठेवू? ठेवला. मी पुढच्या रविवारी सांगायला काही शोधतोय अजून. सापडत नाही. आमच्या घरात बातम्या कमी होतात.

पण तुम्हाला कार्यक्रमाचं ऐकायचं असेल. पंधरा दिवसांनी कार्यालयाचं पाकीट आलं, हेडबाईंनी फोडलं. आत दोन कागद. पहिला कागद, आमची शाळा तपासणीत पहिली. मी म्हटलं, चार झाडांवर? तर त्याचं असं झालं, बाकीच्या सगळ्या शाळांनी शंभर टक्के लिहून पाठवलं होतं, आणि साहेब लोखंडी टेप घेऊन गेले तर काही ठिकाणी झाडं सापडली नाहीत आणि काही ठिकाणी खड्डेसुद्धा. आमची चार खरी निघाली, ती सगळ्यांत जास्त. प्रमाणपत्र होतं, सोनेरी काठाचं. दुसरा कागद, एकवीसपैकी चार म्हणजे निम्म्याहून कमी, तरी कार्यक्रम बंद करण्यात येत आहे. एकाच पाकिटात, एकाच साहेबाची सही. सतरा झाडांचं काय, तर ती कार्यालयाच्या हिशेबी लावलेलीच नाहीत. त्यांना पाणी घालावं असा हुकूम नाही आणि घालू नये असाही नाही. मी घालतो. शाळा भरायच्या आत येऊन घालतो. मोजायला मात्र आता कोणी येत नाही.

कारण पहिल्या शुक्रवारचा तो तास नवीन कार्यक्रमाला गेला. हेडबाईंनी माझ्यासाठी खूप केलं, खोटं कशाला बोलू, कार्यालयाला तीन पत्रं पाठवून नवीन कार्यक्रमात एक मदतनीस लावून घेतला, तो मी. हा विजेच्या बचतीचा. पोरांनी दर महिन्याला शाळेतले दिवे मोजायचे, किती जळतात, किती जळत नाहीत, आणि जळणारे दर वेळी कमी झाले पाहिजेत. पोरं स्टूलवर चढून व्हरांड्यातले दिवे तपासतात, मी खाली स्टूल धरतो. उभ्यानं धरायचं असतं, त्यामुळे उठवायचा प्रश्न येत नाही.

पहिल्या मोजणीला अकरा दिवे गेलेले निघाले. मी संध्याकाळी सामानाच्या खोलीतून नवीन काढायला निघालो, तर हेडबाई मागून लगबगीनं आल्या, इकडेतिकडे बघितलं, आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "मामा, एक विनंती आहे. या वेळी मात्र काही बदलू नका हं. ते गेलेत म्हणून तर आपली बचत दिसतेय."

मी बरं म्हटलं.

परवाच्या शुक्रवारी आणखी दोन गेलेले सापडले. तिसरीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, वहीत लिहिलं, आणि पुढच्या व्हरांड्यात पळाली. मी त्या दोन दिव्यांखाली स्टूल धरून उभा होतो. तिथे आता चांगलाच अंधार असतो. पण कार्यक्रम, तुम्हाला सांगतो, यंदा उत्तम चाललाय.